तिसरी पट्टी

जिनाप्पा कॉलेजच्या नळाचं पाणी प्यायचा नाही. टिळकवाडीतल्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून त्यानं सत्तावीस वर्षं काढली. बेडूक आले नि गेले, प्रिन्सिपॉल आले नि गेले, पण तिथला थेंब त्याच्या घशाखाली उतरला असेल तर शपथ. शहापुरातल्या घरातून निघताना त्याची बायको धोंडूबाई दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी फिरकीच्या तांब्यात भरून द्यायची. तेवढ्यावर गडी दिवस काढायचा आणि सूर्य मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचा. मूळचा निपाणीकडचा जैन माणूस. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि डोक्यात एकच गोष्ट पक्की, की जीव मारायचा नाही.

असल्या माणसाला प्राणिशास्त्रातच कुणी चिकटवला ते देव जाणे! बेडूक चिरायच्या तासाला तो मुकाट्यानं व्हरांड्यात जाऊन उभा राहायचा. सगळ्यांना त्याची सवय झाली होती. "जिनाप्पा भाईर गेला, आता सुरी चालणार," असं विद्यार्थी म्हणायचे.

एक्क्याऐंशी साली कृष्णात सर तिथं नोकरीला लागले. तेही निपाणीचेच. आई सुलाबाई तंबाखूच्या वखारीत कामाला, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस हाच. आपल्या समाजाच्या वाट्याला काय काय आलं होतं ते पोटात ठेवून वावरणारा, पण बोलायला रोखठोक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चहाच्या आधी जिनाप्पापुढं पाण्याचा पेला केला. जिनाप्पानं हात जोडले. सर म्हणाले, "का वं अण्णा? माझ्या हातचं चालत न्हाय व्हय?"

टेबलांवरच्या मुलांनी माना वर केल्या.

"कुणाच्याच हातचं चालत न्हाय, सर," जिनाप्पा म्हणाला. "प्रिन्सिपॉलसायबांच्या बी न्हाय. आमच्या धोंडूबाईनं गाळल्याबिगर ते मला पाणीच वाटत न्हाय."

सरांनी त्याच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं, हसले आणि पेला स्वतःच रिकामा केला. खरं बोलायचं तर जिनाप्पाच्या बापाच्या घरात गोष्ट इतकी सरळ नव्हती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून दोघांचं जमलं. जिनाप्पाला मूलबाळ नव्हतं. सर अठ्ठावीस वर्षांचे. जास्त काही सांगायला नको.

सरांनी पीएच.डी.ला घेतला तो एका पेशीचा जीव. युग्लिना त्याचं नाव. एकटा डोळ्याला दिसत नाही, पण लाखोंनी जमला की तळ्याचं पाणी हिरवंगार दिसतं. तोंडाकडं चाबकासारखा एक केस असतो, तो हलवत पोहतो.

"अण्णा, ह्याला हाड न्हाय, मणका न्हाय, तरी आकार हाय बगा," सरांनी एकदा दुर्बिणीखाली दाखवून सांगितलं होतं. सूक्ष्मदर्शकाला तिथं सगळे दुर्बीणच म्हणायचे. "फुगतंय, आकसतंय, वळवळतंय, आन् परत जसंच्या तसं. कशानं?"

"कशानं?"

"तुमच्या घरात नवारीची खाट हाय न्हवं? तशा पट्ट्या हायत ह्याच्या अंगाला. तिरक्या, एकीला एक लागून. एकमेकीवरनं सरकत्यात, म्हणून अंग वळतंय. त्या पट्ट्या कसल्या प्रथिनांच्या हायत ते मला हुडकायचं हाय. ह्याचा सांगाडाच म्हणा की."

जिनाप्पानं डोळा लावून बराच वेळ बघितलं. "सांगाडा बघायचा म्हंजे मारायलाच पायजे."

"व्हय."

"मग तेवढं मी भाईर जातो."

असा करार झाला. धारवाडला सरांचे मार्गदर्शक होते, मोठे प्राध्यापक. त्यांच्याकडून शुद्ध युग्लिनाचं बी एका काचनळीतून आलं. ते खिडकीजवळच्या मोठ्या बरणीत वाढवलं. तिला सगळे मूळ बरणी म्हणायचे. प्रत्येक प्रयोगाला त्यातलंच थोडं काढून घ्यायचं. बरणीवर सरांनी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली होती, 'माझ्याशिवाय आणि जिनाप्पाशिवाय कुणी हात लावू नये.' स्वतःचं नाव असं छापल्यासारखं लिहिलेलं जिनाप्पानं जन्मात पहिल्यांदा बघितलं. तो रोज त्या बरणीची धूळ पुसायचा. सर पुड्या मोजून द्यायचे, त्या उकळलेल्या पाण्यात विरघळवून तो बरणीत भर घालायचा. "ह्यात विलायती जीवनसत्त्व हाय, अण्णा. लई नाजूक काम," असं सरांनी सांगितलं होतं. बाळंतिणीची खोली राखावी तशी त्यानं ती खिडकी राखली.

पुढचं काम मात्र सरांचं. पाणी यंत्रात गरगर फिरवून जीव तळाशी बसवायचे, साबणाच्या पाण्यात फोडून सांगाडा वेगळा काढायचा, मग कडक साबण घालून उकळायचा. एवढ्या वेळात जिनाप्पा व्हरांड्यात. मग दोन काचांच्या मधल्या घट्ट खळीसारख्या थरात ते सोडून विजेचा प्रवाह द्यायचा. प्रथिनं आपापल्या वजनाप्रमाणं खाली सरकत जातात आणि आपापल्या जागी थांबतात. शेवटी निळा रंग लावून तो धुवायचा. रंग सगळीकडून निघून जातो, फक्त प्रथिनं थांबलेल्या जागी निळ्या रेघा उरतात. सर त्यांनाही पट्ट्याच म्हणायचे. हे धुणं म्हणजे ताट हलवत चार-चार तास बसायचं. ते जिनाप्पाकडं होतं. मेल्यानंतरच्या कामाला त्याची हरकत नव्हती.

युग्लिनाच्या दोन जाड पट्ट्या यायच्या, वरखाली, अगदी जवळजवळ. जिनाप्पा त्यांना ओळखायला लागला होता. "आलं जोडभाऊ," म्हणायचा.

इथवर सगळं बेस. आता बुधवारचं ऐका.

बुधवारी पदवीच्या मुलांचं प्रात्यक्षिक असायचं. त्यासाठी उचगावच्या तळ्यातलं पाणी एका घागरीत आणून ठेवलेलं असे. त्यात तऱ्हेतऱ्हेचे बारीक जीव. मुलं थेंब थेंब घेऊन बघायची, चित्रं काढायची, आणि तास संपला की भांडंभर पाणी उरायचं. हुकूम असा, की उरलेलं पाणी मोरीत ओतून वर फिनेल टाकायचं.

फिनेल! जिनाप्पाच्या जिवावर यायचं.

त्याच्या घरी पाणी गाळलं की फडक्यावर जे काही राहतं ते झटकून टाकत नाहीत. फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच हलक्या हातानं धुतात आणि ते धुवण पुन्हा विहिरीत सोडतात. तेही वरून ओतायचं नाही, भांडं पाण्याला टेकवून अल्लद पालथं करायचं. त्याला म्हणतात जिवाणी. आणि ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जिवाणी. शेजारच्या आडातसुद्धा चालत नाही.

जिनाप्पाला हे पाठ होतं. पण दर बुधवारी उचगावला कोण जाणार? प्रात्यक्षिक संपायला चार वाजतात, जाऊन येईपर्यंत दिवस मावळतो, म्हणजे जेवण बुडालं. आधीची कितीतरी वर्षं तो भांडं मागच्या झाडाखाली ओतायचा आणि मनाला लावून घ्यायचा. मग मूळ बरणी आली. हिरवं पाणी, विलायती जीवनसत्त्व, खिडकीतलं ऊन. उचगावच्या पाण्यातही युग्लिना असतो, हे त्यानं सरांच्याच तोंडून ऐकलं होतं. त्याच्या मनानं घेतलं, की अरे, ह्यांच्याच भावकीतलं हे! परक्यात कुठं टाकतोय?

मग काय? त्र्याऐंशीच्या दिवाळीपासून दर बुधवारी सगळे गेले, की जिनाप्पा उरलेलं पाणी फडक्यातून गाळायचा. डासाच्या अळ्या, पाणकिडे मागच्या पाण्याच्या कुंडीत. बारकं जे खाली उतरेल त्यातलं वाटीभर मूळ बरणीत, काठाला वाटी टेकवून, अल्लद. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं. सरांना सांगावं असं त्याला एकदोनदा वाटलं. पण सांगितलं तर ते नको म्हणतील, आणि एकदा नको म्हटल्यावर करता येणार नाही, म्हणून त्यानं विचारलंच नाही. लबाडी म्हणायची तर एवढीच.

चौऱ्याऐंशी साली सरांनी नवा प्रयोग काढला. युग्लिना अंधारात वाढवला, तर त्याचा हिरवा रंग जातो, पांढरा पडतो, तरी जगतो. मग त्याचा सांगाडा तोच राहतो का? मूळ बरणीतलं पाणी काचेच्या चंबूंत भरून, काळा कागद गुंडाळून त्यांनी ते कपाटात ठेवले. तीन आठवड्यांनी पट्ट्या काढल्या. जिनाप्पा ताट हलवत बसला होता. निळं पाणी फिकं होत गेलं, जोडभाऊ दिसले. आणि त्यांच्या खाली बोटभर अंतरावर आणखी एक.

"सर, हितं तिसरं कोण आलंय बगा."

सर वाकले. मग त्यांनी जिनाप्पाला दोन्ही खांद्यांना धरून असं गदागदा हलवलं, की ताटातलं पाणी त्याच्या धोतरावर सांडलं. "अण्णा! नवं प्रथिन हाय! अंधारातच येतंय! उजेडातल्यात न्हाय!"

चार वेळा केलं. चारही वेळा तिसरी पट्टी आली, आणि दर वेळी पहिल्यापेक्षा ठसठशीत. धारवाडचे प्राध्यापक खूश झाले. प्रबंधात एक स्वतंत्र प्रकरण झालं, टंकलेखन झालं. पंच्याऐंशीच्या मार्चअखेर प्रबंध गेला, की जूनमध्ये सरांची तात्पुरती नोकरी कायम होणार होती. सुलाबाईनं अख्ख्या वखारीत सांगून टाकलं, की माझ्या कृष्णातला एका जिवात असं काय तरी गावलंय, जे अजून कुणालाच गावलं न्हाय.

फेब्रुवारीत धारवाडहून पत्र आलं. सरांनी ते उभ्यानं वाचलं आणि स्टुलावर बसले. जिनाप्पानं विचारलं, तर पत्रच पुढं केलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मग तोंडानं सांगितलं.

"आमच्या सरांनी तिकडं त्यांच्या मूळच्या नळीतला युग्लिना अंधारात वाढवून बगितला. चार वेळा. तिसरी पट्टी येत न्हाय. एकदा बी न्हाय. ते विचारत्यात, ही पट्टी तुझ्याकडं आली कुठनं? शनिवारी येणार हायत." जरा थांबून ते म्हणाले, "अण्णा, त्यांना वाटतंय मी खोटं केलं. फोटोत रेघ ओढली."

"तुमी?"

"मी. निपाणीच्या वखारीतला. लवकर मोठं व्हायचं हुतं, म्हणून केलं असंल, असंच म्हणणार सगळी." आवाज चढला नव्हता. "मी तर एकच सांगू शकतो, की माझ्या बरणीत धारवाडच्या बीशिवाय दुसरं काय बी न्हाय."

जिनाप्पानं खिडकीतल्या बरणीकडं बघितलं. वाटीभर पाणी. काठाला टेकवून. अल्लद.

त्यानं फडकं घेतलं आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं.

घरी ताट समोर आलं, पण घास काही खाली उतरेना. धोंडूबाईनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. "आवं, जोंधळ्याची भाकरी घशात अडकती व्हय आता? काय झालंय ते सांगा आदी."

त्यानं सांगितलं. सगळं, दिवाळीपासूनचं. सर बदनाम होणार हेही सांगितलं. धोंडूबाईनं परात बाजूला ठेवली.

"कुठल्या पाण्याची जिवाणी, कुठल्या पाण्यात घातली म्हणालासा?"

"त्यांच्याच भावकीत, गं."

"भावकी!" ती कडाडली. "त्या साली माझ्या हातनं जिवाणी शेजारच्या आडात पडली, तर दोन दिस जेवला न्हाईसा. ह्या पाण्याचा जीव त्या पाण्यात मरतो, म्हणून मला शिकवलासा. आन् सोता बुधवारच्या बुधवारी? ते बी त्या लेकराच्या बरणीत, चोरून?"

"आठ म्हयन्यांनी रिटायर व्हतोय मी. सायेब काय करतील..."

"सायबाचं नाव सांगू नका मला. सायबाला तुमी कवा भ्यालाय?"

ते खरंच होतं. जिनाप्पा साहेबाला भीत नव्हता. त्याला भीती होती ती कृष्णात सरांच्या तोंडाची. ते तोंड आपल्याकडं बघताना पुन्हा पहिल्या आठवड्यासारखं परकं होईल याची.

"शनिवारी सांगा," धोंडूबाई म्हणाली. "न्हाईतर मी येते कॉलेजात."

शनिवारी धारवाडचे प्राध्यापक आले. विभागप्रमुख मारुतीराव सरही बसले होते. प्राध्यापकांनी तिसऱ्या पट्टीचा फोटो टेबलावर ठेवला, त्याच्याशेजारी स्वतःचा ठेवला आणि म्हणाले, "सांगा आता." कृष्णात सर तेच सांगत राहिले. की मी काही खोटं केलेलं नाही, बरणी शुद्ध आहे. चौथ्यांदा सांगताना त्यांचा आवाज फुटला.

जिनाप्पा चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तो त्यानं खाली ठेवला.

"बरणी शुद्ध न्हाय, सर," तो म्हणाला. "मी बाटवली."

प्राध्यापक कानडी माणूस. त्यांना नीट कळावं म्हणून जिनाप्पानं सगळं कानडीतून सांगितलं. बुधवार, फिनेल, उचगाव, फडकं, वाटी. किती वेळा ते सांगितलं, विचारलं नाही ते का नाही, तेही सांगितलं. सांगताना त्यानं कृष्णात सरांकडं बघितलं नाही.

प्राध्यापकांनी दोन्ही फोटो पुन्हा जवळ ओढले. मग कृष्णात सरच बोलले, पण त्याच्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखे. "उचगावच्या पाण्यात युग्लिनासारखाच एक जीव असतो, जन्मजात पांढरा. अंधारात हिरव्याची वाढ मंदावते, पांढऱ्याची न्हाय. म्हणून पट्टी अंधारातल्यातच दिसली, आन् बरणीत दर बुधवारी भर पडत हुती म्हणून दर वेळी जाड होत गेली. आन् मी बघितलं तर वाटलं, युग्लिनाच पांढरा पडलाय." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला दिसत हुतं. मी नीट बगितलंच न्हाय."

"छान गोष्ट आहे," प्राध्यापक म्हणाले. "पण शिपायाच्या तोंडून आलेली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. तुम्ही त्याला पढवलं असेल. तो पांढरा जीव एकटा वाढवा आणि त्याची पट्टी मला दाखवा. मी तीन आठवड्यांनी येतो."

ते गेल्यावर प्रयोगशाळेत दोघंच उरले. जिनाप्पा म्हणाला, "सर, मला शिव्या घाला."

सरांनी शिव्या घातल्या नाहीत. ते बाहेर गेले, तासाभरानं परत आले आणि म्हणाले, "घागर आणा उचगावची." तोंड पहिल्या आठवड्यासारखंच होतं. जिनाप्पाला ते बरोबर वाटलं, पण लागलं फार.

पुढचे आठ दिवस सर केसासारख्या बारीक काचनळीनं एकेक पांढरा जीव उचलत होते. दुसरा कुठला जीव मध्ये आला, तर टाकून पुन्हा पहिल्यापासून. जिनाप्पा नळ्या तापवून ओढून द्यायचा. बोलणं कामापुरतं. एकदा पुडी विरघळवताना जिनाप्पानं विचारलं, "सर, मी दीड वरीस त्या बरणीत सोडलं. पांढरं तेवढं गावलं. बाकीचं कुठं गेलं? लई जातीचं हुतं त्या पाण्यात."

सरांनी मान वर केली नाही. "त्या बरणीतलं पाणी आंबट असतंय, अण्णा. चिंचेच्या कोळागत. मुद्दाम तसं करत्यात, दुसरं काय जगू नये म्हणून. युग्लिना जगतो, आन् त्याच्यासारखा एखादा. बाकीचं घडीभरात मरतंय."

"सगळं?"

आता सरांनी वर बघितलं. "सगळं," ते हळू म्हणाले.

पुडी जिनाप्पाच्या हातातच राहिली. साठ-सत्तर बुधवार. घरी जाऊन तो गोड घास खात होता. फिनेल परवडलं असतं, ते निदान उघडं तरी होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सरांनी हातातली नळी खाली ठेवली. ते उठले. स्वतःचं स्टूल त्याच्यापुढं सरकवलं.

तीन आठवड्यांनी पांढऱ्यांचा चंबू दुधाळ झाला. ठरल्या दिवशी सकाळीच प्राध्यापक आले. यंत्रातून जीव तळाशी बसवून झाले. साबणाची बाटली टेबलावर आली, तसे सर सवयीनं म्हणाले, "अण्णा, तुमी व्हरांड्यात जावा."

"न्हाय," जिनाप्पा म्हणाला. "आजवर मी भाईर जात हुतो आन् पाप तुमच्या माथी टाकत हुतो. आता मला भाईर जायाला तोंड न्हाय. द्या हिकडं ती बाटली."

"कशाला उगीच?"

"द्या."

सरांनी नळी धरली, साबण जिनाप्पानं घातला. पांढरट पाणी बघता बघता नितळ झालं. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग ती नळी उकळत्या पाण्यातही त्यानंच धरली.

दुपारी ताट हलवायलाही तोच बसला. तीन रांगा होत्या. पहिली धारवाडच्या शुद्ध युग्लिनाची, दुसरी सरांच्या कपाटातल्या चंबूची, तिसरी पांढऱ्यांची. निळं उतरत गेलं. पहिल्या रांगेत जोडभाऊ. दुसरीत जोडभाऊ आणि खाली तिसरी पट्टी. तिसऱ्या रांगेत जोडभाऊ नव्हतेच. तिथं एकच जाडजूड रेघ होती, आणि प्राध्यापकांनी काचपट्टी आडवी ठेवली तर ती दुसऱ्या रांगेतल्या तिसरीच्या बरोब्बर समोर.

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "कृष्णात, तू खोटारडा नाहीस," ते म्हणाले. "निष्काळजी आहेस. प्रकरण फाडून टाक. नव्या बीनं पुन्हा पहिल्यापासून कर. एक वर्ष जाईल."

"जाऊ दे, सर," कृष्णात सर म्हणाले, आणि महिनाभरात पहिल्यांदा त्यांनी मोठा श्वास सोडला.

जूनची कायम नोकरी गेली. मारुतीराव सरांनी आणखी एक वर्ष तात्पुरतं म्हणून सांभाळून घेतलं. जिनाप्पाला लेखी समज मिळाली, तीही त्यांनीच दिली. सर एका रविवारी निपाणीला जाऊन आईला सांगून आले. सुलाबाई म्हणाली म्हणे, "नवं काय गावलं न्हाय तर न्हाय. नाव तर राखलंस रं." आणि बुधवारचं प्रात्यक्षिक सरांनी सकाळच्या तासाला घेतलं. उरलेलं पाणी घेऊन जिनाप्पा दुपारच्या बसनं उचगावला जायचा, तळ्याच्या काठाशी भांडं टेकवून सोडायचा आणि दिवस मावळायच्या आत परत यायचा. कधी सरही बरोबर असायचे.

राहिली ती मूळ बरणी. नवं बी यायच्या आधी ती रिकामी करायला हवी होती. खिडकीत ती तशीच हिरवीगार उभी होती, चिठ्ठीसकट.

सर म्हणाले, "अण्णा, हे पाणी बी न्या उचगावला. सोडून द्या. मला चालंल."

जिनाप्पानं बरणीवर हात ठेवला. नेऊन सोडायचं त्याच्या फार मनात होतं. नुसतं बसमध्ये बसायचा अवकाश. मग त्यानं हात काढून घेतला.

"न्हाय सर," तो म्हणाला. "ह्यात धारवाडचं हाय आन् उचगावचं हाय. निवडायचं कसं? तळ्यात सोडलं, तर परत तेच की. ह्यांचं पाणी आता कुठलंच न्हाय."

त्यानं स्टोव्ह पेटवला. बरणीतलं पाणी मोठ्या पातेल्यात ओतलं, अल्लद. सर म्हणाले, मी करतो. त्यानं मान हलवली. उकळी फुटून हिरवा रंग करडा होईपर्यंत तो पातेल्यासमोरून हलला नाही. मग बरणी तीनदा धुतली, चिठ्ठी न भिजवता सोडवून सरांच्या टेबलावर ठेवली, आणि घरी निघाला.

दारात धोंडूबाईनं तांब्या हातात घेतला, तर तो सकाळी दिला तसाच भरलेला. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. "आज कुठं सोडलासा?"

"कुठंच न्हाय," जिनाप्पा म्हणाला. "उकळलं."

धोंडूबाई आत वळली. तांब्या तिनं चुलीजवळ ठेवला. दिवस अजून मावळला नव्हता, पण त्या दिवशी तिनं ताट वाढलं नाही, त्याचंही नाही आणि आपलंही नाही.